डोळे उघडे की मिटलेले?

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आजीने वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी घरातले सगळे टाक कृष्णेत सोडले. खंडोबा नाही, मरीआई नाही, कुणीच मागे ठेवलं नाही. भिंतीतली देवळी बरीच वर्षं रिकामी होती. पुढे तिथे बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर आली. आता सांगलीच्या घरात बुद्धाची मूर्ती ठेवायचं मी काढलं, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, पणजीने जे सोडलं तेच तू परत आणतेस की!"

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठेक लेणी आहेत. तिथल्या जुन्या चैत्यगृहांत वंदनेसाठी स्तूप आहे, बुद्धाचा चेहरा नाही. त्या उपासकांचं चेहऱ्यावाचून काही अडलं नाही. मथुरा-गांधारकडे मूर्ती घडू लागल्या त्या बुद्धानंतर काही शतकांनी. आणि वक्कलीची गोष्ट तर आम्ही विहारात ऐकलेली. बुद्धाचं रूप पाहण्याची ओढ असलेल्या त्या भिक्खूला खुद्द बुद्धानेच नाशवंत देहावरून धम्माकडे वळवलं.

तरीही २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली. देव नाकारणाऱ्या माणसाने मूर्ती नाकारली नाही. मूर्तीकडे मागणं आणि मूर्तीसमोर बसणं यांत मला फार मोठं अंतर दिसतं, आणि बावीस प्रतिज्ञा त्यातल्या मागण्याच्या आड येतात, अशी माझी खात्री आहे. नशीब उघडतं म्हणून गल्ल्याशेजारी बुद्ध ठेवतात, ते मला सहन होत नाही.

गणपती करणाऱ्या एका कारागिराला मी शाडूची मूर्ती सांगितली. साच्यातली नको, हाताने घडवलेली हवी. त्याने पहिलंच विचारलं, "बाई, डोळे उघडे की मिटलेले?" बाबासाहेबांनी स्वतः काढलेल्या चित्रातला बुद्ध डोळे उघडे ठेवून आहे. मी म्हटलं, उघडे. त्यावर तो फार खपला. पापणी जाड झाली की झोप आल्यासारखी दिसायची, बुबुळ जरा वर गेलं की चेहऱ्यावर गर्व यायचा. कोरणीने माती काढायची, ओल्या बोटाने पुन्हा लावायची. समोर जमिनीवर बसलेल्या माणसाला बुद्ध आपल्याकडे बघतोय असं वाटेपर्यंत त्याने हात थांबवला नाही. साच्यातून निघालेल्या मूर्तीत ही शोधाशोध नसते, म्हणून मला हातचीच हवी होती.

"प्रतिष्ठा कधी?" त्याने विचारलं. श्रीलंकेत मूर्तीचे डोळे रंगवणं हाच मोठा विधी असतो. कारागीर आरशात बघून ते रंगवतो. आमच्याकडे प्राणप्रतिष्ठा नाही. आम्ही मेणबत्ती लावतो, त्रिसरण-पंचशील घेतो, फूल वाहतो, आणि ते वाहतानाच पालीत म्हणतो की हे कोमेजेल तसाच हा देहही जाईल. शाडू कच्चाच असतो, पाणी लागलं की विरघळतो. मूर्तीच्या डाव्या मनगटाला आताच बारीक तडा गेलाय. मी तो बुजवणार नाही.

परवा शेजारची एक बाई आली, हात जोडून मुलीच्या दहावीसाठी मागणं मागू लागली. मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, "इथे मागू नकोस गं. पोरीला संध्याकाळी पाठव, गणित मी घेते तिचं."