देहाचे कुळ आणि जीवाचा अधिकार

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचे मत अशास्त्रीय ठरविले. वानराचा मनुष्य होताना पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, हे त्यांचे कारण. देशातील तीन विज्ञान अकादमींनी त्याचा प्रतिवाद केला. परंतु न पाहिलेले सर्वच असिद्ध मानले तर अनुमान हे प्रमाणच बाद होते, आणि मग धर्मपक्षाच्या हातीही फारसे उरत नाही. शिवाय आजचा वानर मनुष्याचा पूर्वज आहे, असे विज्ञान म्हणतच नाही. मनुष्य व चिंपांझी यांचा पूर्वज एक, सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

पोथ्यांचा व्यासंग असणाऱ्यास हे अनुमान परके वाटू नये. लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाल्यावर पिढीपाठ व निरनिराळ्या वासना सिद्ध झाल्या. दोन पोथ्यांचा शुद्ध पाठ जुळला म्हणून त्यांचे नाते ठरत नाही. परंतु दोहोंत एकाच स्थळी तीच ओळ गळली असेल, तर त्या एकाच सदोष प्रतीवरून उतरल्या, हे लेखनिकास न पाहताही कळते. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वशरीरात निर्माण करतात. मनुष्य, चिंपांझी, गोरिला यांच्या ठायी ते जनुक आहे, पण मोडलेले, आणि मोडतोड बव्हंशी एकसारखी. गिनीपिगमध्येही ते निकामी आहे. मात्र स्वतंत्रपणे, निराळ्या रीतीने. एकाच आराखड्यावर देह घडले, हे उत्तर गुणांच्या साम्यास लागू पडेल. समान उणिवेस ते लावणे कठीण.

देहापुरता हा निर्णय मानल्याने ब्रह्मविद्येस बाध येत नाही. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न. देह प्रपंचाचा, जनुके देहाची. जीवाला कुळ नाही. वानराच्या नात्याने ज्यास उणेपणा वाटतो, त्याने कुळाभिमान जातीवरून उचलून योनीवर ठेवला, इतकेच.

खरी अडचण अन्यत्र आहे. ज्ञानाचा अधिकार मनुष्यदेहीच. पण देह पिढ्यान्‌पिढ्या किंचित किंचित पालटत आला असेल, तर पहिला मनुष्यदेह कोणता? चिंपांझीच्या गुणसूत्रांच्या जोड्या २४, मनुष्याच्या २३. पूर्वजांची दोन गुणसूत्रे जुळून मनुष्याचे दुसरे गुणसूत्र झाले, त्या सांध्याची खूण आजही दिसते. तेथेच रेघ ओढावी, असा मोह होतो. परंतु ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे घेऊन जन्मणारी बालके आहेत. त्यांचा देह मनुष्यदेह नव्हे, असे कोणता आचार्य म्हणेल?