ओळ मोडू दे

अमरावती

चि. भाचीस,


तुझी फाइल उघडून पाहिली. धारणीहून सुटणाऱ्या गाड्यांचं पान करायचं, हा विचार मला आवडला. लोकांच्या रोजच्या कामाची गोष्ट आहे. एचटीएमएल नीटस आहे. सीएसएस मात्र भल्ली लांबलीय, बाप्पा! परतवाडा, अमरावती, बऱ्हाणपूर, खंडवा, हरिसाल अशी पाच कार्डं, पाचांना पाच वेगळे क्लास, आणि प्रत्येकाखाली तेच ते नियम: इतकी रुंदी, इतकं मार्जिन, डावीकडं फ्लोट. उद्या अकोटची गाडी वाढली की सहावा क्लास आलाच.

तू विचारलंस, 'मामा, सगळे टेलविंड टेलविंड म्हणतात, तेच घेऊ का?' घे ती तयार क्लासांची पेटी, पण पुढच्या महिन्यात. या महिन्यात फ्लेक्स, म्हणजे डबे ओळीत मांडायची सीएसएसची रीत, नीट समजून घे आणि आपले सात-आठ क्लास स्वतःच्या हातानं लिही.

आधी हिशेब. पान पाहणाऱ्यांतले बहुतेक जण ते मोबाइलवर पाहणार. साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी ब्राउझरच्या मापानं बहुधा ३६० पिक्सेलच्या आसपास असते. दोन्ही कडांना १६-१६ सोडले की हातात ३२८ उरतात. तू कार्डाला २२० ची पक्की रुंदी दिलीस, म्हणून फोनवर एक कार्ड आणि शेजारी १०८ पिक्सेलचा रिकामा पट्टा दिसतो. आता कार्डाला 'फ्लेक्स: १ १ १५० पिक्सेल' दे. पहिला आकडा सांगतो की जागा उरली तर फुगायचं, दुसरा सांगतो की कमी पडली तर आकसायचं, आणि तिसरा म्हणजे मुळातली अपेक्षा. १५० अधिक १५० अधिक मधली फट १६, झाले ३१६. म्हणजे दोन कार्डं एका ओळीत बसली. उरलेले १२ पिक्सेल ती निम्मे निम्मे वाटून घेतात, प्रत्येकी १५६. तिसरं बसत नाही, म्हणून खाली उतरतं. पण यासाठी कार्डं ज्यात आहेत त्या बाहेरच्या डब्याला 'फ्लेक्स-रॅप: रॅप' म्हणजे ओळ मोडायची परवानगी हवी. ती नसेल तर तिसरं कार्ड खाली न जाता सगळीच अंग चोरून एका ओळीत कोंबली जातात. आणि फाइलच्या अगदी वर सगळ्यांना 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' लाव, नाहीतर कार्डाचं पॅडिंग त्या १५० च्या बाहेर मोजलं जाईल आणि हा सगळा हिशेब कोलमडेल.

हे डोक्यात बसलं की क्लास आपोआप सुचतात. त्यांना गावांची नावं देऊ नकोस, कामाची दे. 'ओळ' म्हणजे डिस्प्ले फ्लेक्स. 'मोडती' म्हणजे रॅप. 'फट' म्हणजे १६ पिक्सेलचा गॅप. 'पसर' म्हणजे वरचा १-१-१५० चा नियम. 'टोकांना' म्हणजे जस्टिफाय-कंटेंट स्पेस-बिटवीन, गावाचं नाव डावीकडं आणि सुटायची वेळ उजवीकडं. 'मधोमध' म्हणजे अलाइन-आयटम्स सेंटर. मग बाहेरच्या डब्याचा क्लास झाला 'ओळ मोडती फट', कार्डाचा झाला 'पसर', कार्डातल्या वरच्या पट्टीचा 'ओळ टोकांना मधोमध'. अकोट वाढवायचं तर एचटीएमएलमध्ये एक कार्ड वाढेल, सीएसएसला हात लावायचं कारण नाही.

क्लासची नावं मी मराठीत लिहिलीत ती गंमत म्हणून नव्हे. सीएसएसमध्ये क्लासचं नाव देवनागरीत चालतं, ब्राउझरची काही तक्रार नसते. फाइल तेवढी यूटीएफ-८ मध्ये जतन कर आणि पानाच्या डोक्यावर तसं सांग. फक्त 'ऱ्' असलेलं नाव टाळ. 'बऱ्हाणपूर'मधला तो र संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो, एकाच कोडानं किंवा र आणि खाली नुक्ता असा. डोळ्याला दोन्ही सारखे, पण सीएसएस कोड जसाच्या तसा ताडून पाहते. एका फाइलीत एक आणि दुसरीत दुसरा आला की नियम लागतच नाही, आणि का लागत नाही ते शोधत माणूस कावून जातो. बाहेरच्या नोकरीत चारचौघांबरोबर काम करशील तेव्हा मात्र इंग्रजी नावंच ठेव.

असे एकेका कामाचे क्लास म्हणजेच युटिलिटी क्लास. आमच्या पिढीला ते सुरुवातीला मुळीच रुचले नव्हते. २००३ साली डेव्ह शे यानं सीएसएस झेन गार्डन काढलं: एचटीएमएल एकच, आणि सीएसएसची फाइल बदलली की पानाचं रूप पार वेगळं. ते पाहून आम्ही शिकलो, त्यामुळं क्लासच्या नावात दिसण्याचा उल्लेख आला की आम्हाला विटाळ झाल्यासारखं वाटायचं. मग २०१३ मध्ये याहूत काम करणाऱ्या थिएरी कोब्लेन्झनं या सोवळ्यालाच आव्हान देणारा लेख लिहिला, २०१४ ला टॅकियन्स नावाचा अशाच तयार क्लासांचा संच आला, २०१७ ला अॅडम वॉदन आणि त्याच्या साथीदारांचं टेलविंड. मोठ्या प्रकल्पात सीएसएसची फाइल वाढतच जाते, कारण जुना नियम काढायला कुणी धजत नाही. कुठलं पान मोडेल याचा भरवसा नसतो. हे दुखणं या मंडळींनी बरोबर ओळखलं होतं. आता मला त्यांचं पटतं. पण एकाच बटणाला वीस-वीस क्लास चिकटवलेले पाहिले की अजूनही कपाळाला आठ्या पडतात. पाच-सहा क्लासांची तीच माळ पानात पुन्हा पुन्हा यायला लागली की तिला सरळ एक नाव दे, 'गाडी-कार्ड' म्हण, आणि मोकळी हो.

'हे तर स्टाइल अॅट्रिब्यूटमध्येच लिहिल्यासारखं झालं', असं कुणी हिणवलं तर बिचकू नकोस. स्टाइल अॅट्रिब्यूटमध्ये मीडिया क्वेरी लिहिता येत नाही. मोठ्या स्क्रीनवर वेगळं, छोट्यावर वेगळं, हे क्लासलाच जमतं. एक मात्र ध्यानात ठेव. 'फट मोठी-फट' लिही की 'मोठी-फट फट' लिही, एचटीएमएलमधल्या क्रमाला किंमत नाही. सीएसएसच्या फाइलीत जो नियम नंतर लिहिलाय तो जिंकतो.

आता तुझ्या पाच कार्डांचं काय होईल ते सांगतो. फोनवर दोन, दोन आणि एक. पाचवं हरिसाल एकटंच फुगून आख्खी ओळ अडवून बसेल, कारण आपणच त्याला फुगायला सांगितलंय. २०१६ ला डिजिटल गाव म्हणून हरिसालचा एवढा गाजावाजा झाला, तेव्हा तिथल्यांची काही हरकत नसेल. पण पाहणाऱ्याला ती गाडी काहीतरी खास आहे असं वाटेल. तुला नको असेल तर या डब्यापुरता फ्लेक्स सोड आणि ग्रिड घे. 'खण' नावाचा क्लास कर: डिस्प्ले ग्रिड, आणि कॉलम्ससाठी रिपीट, ऑटो-फिल, मिनमॅक्स १५० पिक्सेल ते १ एफआर. मग शेवटचं कार्ड आपल्या खणातच राहतं, शेजारचा खण रिकामा. २०१७ पासून मोठ्या ब्राउझरांत ग्रिड चालतं, त्यामुळं जुन्या फोनचीही फारशी धास्ती नको. कार्डाच्या आतल्या पट्टीला मात्र फ्लेक्सच बरं.

पुढं टेलविंड घेशील तेव्हा दोन ठिकाणी जपून. त्याची मापं रोमन अक्षरं डोळ्यांपुढं ठेवून ठरवलेली आहेत. 'टेक्स्ट-५एक्सएल' लावलं की अक्षर ४८ पिक्सेलचं आणि ओळीची उंचीही तेवढीच. 'धारणीहून सुटणाऱ्या गाड्या' हे शीर्षक फोनवर दुमडलं की 'हू'चा ऊकार खालच्या ओळीच्या डोक्यावर टेकायला येतो. तिथं 'लीडिंग-रिलॅक्स्ड' जोड, उंची १.६२५ पट होते. आणि 'ट्रॅकिंग-वाइड'च्या नादी लागू नकोस; त्यानं अक्षरांत अंतर पडतं आणि शिरोरेषा जागोजागी तुटते.

तुझ्या या एका पानाला टेलविंडची गरजही नाही. त्याचं साधन तुझ्या फाइली चाळून लागतील तेवढेच क्लास बाहेर काढतं हे खरं, पण त्यासाठी ते कॉम्प्युटरवर बसवायचा खटाटोप आहे. हातानं लिहिलेले हे सात-आठ क्लास दोन केबीसुद्धा भरणार नाहीत. सेमाडोहच्या घाटात रेंज येते-जाते, तिथं गाडीत बसून कुणी पान उघडलं तर त्याला हे सोयीचं.

बदल करून झाला की फाइल पाठव. गाड्यांच्या वेळा मात्र स्टँडवर जाऊन पुन्हा विचारून घे. खंडव्याची सकाळची वेळ तू दोन ठिकाणी वेगवेगळी लिहिलीस.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा