उपयोगाचा रकाना

वनस्पतींच्या पुस्तकात मोहाला जेमतेम अर्धं पान मिळतं. कूळ चिकूचं, वृक्ष पानगळीचा, उंची पंधरा-वीस मीटर. शेवटी ‘उपयोग’: फुलांची दारू, बियांचं तेल, साल औषधी. यात खोटं काही नाही. पण अक्कलकुवा-धडगावकडच्या सातपुड्यात हे पान वाचलं की वाटतं, लिहिणाऱ्यानं ‘कधी’ आणि ‘कुणाला’ हे विचारलेलंच नाही.

मोह गळतो मार्च-एप्रिलात. कणगीत खरिपाचं धान्य तळाला गेलेलं, पेरणी अजून लांब. नेमक्या त्या दिवसांत पहाटे झाडाखाली फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडतो आणि उजाडायच्या आत बाया-पोरं टोपल्या घेऊन तिथं हजर असतात. वाळवलेलं फूल महिनोन्‌महिने टिकतं. ते भाजून, उकडून खातात, अडीनडीला विकतात. दारूही गाळतात; पण तीच दारू इथल्या आदिवासींच्या देवमोगरा मातेपुढंही ठेवली जाते, हे त्या अर्ध्या पानात मावत नाही.

गंमत अशी, की आपण ज्याला फूल म्हणून वेचतो ती नुसती पाकळ्यांची गोड, मांसल कुपी. रात्री वटवाघळं त्या गोडीपायी येतात, परागीभवन होतं, मग कुपी गळते. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. म्हणजे फूल वेचल्यानं झाडाचं काहीच जात नाही. इतका बिनतक्रार व्यवहार निसर्गातही क्वचितच दिसतो.

सरकारनं मात्र मोह आणि वटवाघूळ या दोघांचेही रकाने आपल्या सोयीनं भरले. १८९२च्या महुवा कायद्यानं मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाब्याकडे फुलं वेचण्या-विकण्यावर बंधनं आली. आबकारीच्या नजरेला फुलात फक्त दारू दिसली. आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं फळं खाणारी वटवाघळं उंदरांच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून बसवली. महाराष्ट्रात मोहफुलांच्या साठवणूक-वाहतुकीवरचे निर्बंध उठायला २०२१ उजाडावं लागलं.

तरी सगळा दोष सरकारच्या माथी मारणं मला पटत नाही. पावसाच्या तोंडाशी टोळंबी, म्हणजे मोहाची बी, पडते, तेव्हा फुलांचा तो बिनतक्रार हिशेब बदलतो. थंडीत तुपासारखं थिजणारं तेल तिच्यातूनच निघतं, पण घाण्यावर गेलेली बी रुजत नाही. फुलं सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यात कोवळी रोपं जळतात. उरलेली शेळ्या खातात. बांधावरचा जुना मोह सहसा कुणी तोडत नाही, वाटण्यांत त्याचाही हिस्सा मोजला जातो. मोठी झाडं त्यामुळे पुष्कळ भेटतात. गुडघ्याएवढा मोह मात्र शोधत हिंडावं लागतं.