पुसला न जाणारा रंग

वीस वर्षे पेटीत पडून राहिलेल्या तैलरंगाच्या ट्यूबा परवा उघडल्या. टोपणे गरम पाण्यात धरावी लागली. तोंडाशी घट्ट साय आली होती. आत मात्र रंग मऊच होता. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायूने घट्ट होते. जेथे हवाच पोचली नाही, तेथे तो सुकणार कसा?

तांबड्यात हिरवा मिसळला आणि मळकट तपकिरी रंग झाला. पांढरा घातला, पिवळा घातला. छटा पालटली, पण तांबडा काही परत मिळेना. धाकट्या भावाला बोललेला एक शब्द मला असाच परत घ्यावयाचा होता. क्षमा मागताना आपण नेमके काय मागतो? झालेले न झालेसे व्हावे, हेच ना?

चित्रकार चुकलेली रेषा वरच्या थराखाली झाकतो. परंतु तैलरंग कालांतराने पारदर्शक होत जातो आणि ती रेषा पुन्हा दिसू लागते. इटालियन भाषेत तिला ‘पेन्तिमेन्तो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ पश्चात्ताप! पेत्राने केलेला नकारही चारही शुभवर्तमानांत आहे. कोणी तो झाकला नाही.

भावाने मला केव्हाच क्षमा केली. तो शब्द मात्र आम्हा दोघांच्याही स्मरणात आहे.

तो तपकिरी रंग मी टाकला नाही. चित्रातील वडाच्या बुंध्याला तोच लावला.