मोडीत दिलेली वस्तू आणि आपले दायित्व

एखादी वस्तू आपण मोल घेऊन दुसऱ्याच्या हाती दिली, की तिच्याशी असलेला आपला संबंध संपतो काय? व्यवहाराच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. मालकी गेली, पैसा आला, हिशेब मिटला. नीतीचा हिशेब मात्र इतक्या लवकर मिटत नसावा. आणि घरोघरच्या कपाटांत साठलेले जुने मोबाईल फोन आज हाच प्रश्न आपल्यापुढे उभा करीत आहेत.

आपल्या घरांतून मोडीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. फुटकी घागर, चेपलेले पातेले तांबटाकडे मोडीत द्यावे आणि त्याची किंमत नव्या भांड्यात वळती करून घ्यावी. जुनी लुगडी बोहारणीला द्यावीत आणि तिच्या पाटीतले एखादे भांडे घ्यावे. या व्यवहारात घासाघीस पुष्कळ होती, परंतु पाप नव्हते. कारण वस्तूचा शेवट सर्वांना ठाऊक असे. तांब्याची घागर वितळून पुन्हा तांबेच होई. लुगडे दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाई किंवा त्याची गोधडी होई.

फोनची मोड या जातीची नव्हे. तळहातावर मावणाऱ्या त्या वस्तूत तांबे, चांदी, सोने व पॅलेडियम असे मोलाचे धातू असतात. बॅटरीत लिथियम व कोबाल्ट असते. जुन्या फोनच्या डाखकामात शिसे असते आणि काही भागांत आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनयुक्त रसायने असतात. हे सारे एकमेकांत असे गुंतलेले असते, की ते वेगळे करणे तांबटाच्या भट्टीला साधणारे नाही. नीट सोय असलेल्या कारखान्यात बॅटरी आधी काढून घेतात, धातू बंद भट्टीत वितळवितात आणि निघणारा वायू शुद्ध करून मगच बाहेर सोडतात. यास खर्च येतो. ज्याला तो खर्च नको असतो, तो सर्किटच्या पट्ट्या कोळशावर भाजतो, तारा उघड्यावर जाळतो आणि सोन्यासाठी आम्ल वापरतो. दिल्लीतील सीलमपूर व उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे हे काम वर्षानुवर्षे चालत आले. मुरादाबाद हे पितळी भांड्यांसाठी देशभर नावाजलेले शहर. तेथे रामगंगेच्या काठी जळालेल्या पट्ट्यांची राख पसरलेली अभ्यासकांना आढळली आहे. अशा धुरात बसून काम करणाऱ्यांत बायका व मुलेही असतात.

तेव्हा दारात उभा राहून जो फोनचे रोख पैसे मोजतो, त्या पैशाचा उगम पाहणे अगत्याचे आहे. सुरक्षिततेवरचा खर्च ज्याने टाळला, त्यालाच चढा भाव देणे परवडते. अशा वेळी आपल्या हाती जे चार रुपये अधिक पडतात, ते कोणा अनोळखी माणसाच्या आरोग्यातून वजा झालेले असतात.

आपल्या धार जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. १९८४ सालच्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूर येथे आणण्यात आला. भोपाळचे विष आमच्या दारी का, असे विचारीत लोक रस्त्यावर उतरले. पुढे जून २०२५ च्या अखेरीपर्यंत तो कचरा तेथे जाळण्यात आला. लोकांची भीती समजण्यासारखी होती. परंतु तोच प्रश्न उलटा करून पाहावा: आपल्या घरातून निघालेले विष कोणाच्या दारी जाते, हे आपण कधी विचारले आहे काय? पीथमपुरास निदान भट्टी होती, मोजमाप होते, दाद मागण्यास न्यायालय होते. उघड्यावर पट्ट्या भाजणाऱ्याजवळ यांपैकी काय असते?

कोणी म्हणेल, एका फोनचे वजन ते किती! परंतु अशाच लहानमोठ्या उपकरणांचा कचरा २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे ६.२ कोटी टन झाला, आणि त्यापैकी एक चतुर्थांशाहून कमी कचऱ्याची योग्य विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भंगारवाल्याच्या पोटाचे काय? त्याचा व्यवसाय हीन नव्हे. टाकलेली वस्तू दारोदार फिरून गोळा करणे हे समाजाच्या उपयोगाचे काम आहे. दोष गोळा करण्यात नाही, जाळण्यात आहे. जो भंगारवाला फोन नोंदणीकृत कारखान्याकडे पोहोचवितो, त्याला तो अवश्य द्यावा, आणि चार पैसे कमी घेऊन द्यावा.

मग प्रत्येक वस्तूचा शेवटपर्यंत माग काढीत बसावे काय? तेही शक्य नाही. जितके ज्ञान आणि जितके सामर्थ्य, तितकेच दायित्व. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी पुनर्वापराच्या व्यवस्थेचा मुख्य भार उत्पादकांवर टाकला आहे, आणि अशा कारखान्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. गृहस्थाकडे उरते ते थोडके. चालू स्थितीतला फोन आपली पत्रे व छायाचित्रे पुसून गरजूला द्यावा. बंद पडलेला फोन कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत ठिकाणीच द्यावा. बॅटरी कधीही फोडू अगर जाळू नये. जपानात २०१७ ते २०१९ या काळात लोकांनी सुमारे ६२ लाख जुने फोन व इतर लहान उपकरणे दिली, आणि त्यांतून निघालेल्या धातूंतून टोकियो ऑलिंपिक व पॅरालिंपिकची मिळून सुमारे ५,००० पदके घडली. सामान्य घरांनी मनावर घेतले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण.

नालछ्याहून कामानिमित्त इंदुरास जाणे आपल्यापैकी अनेकांना पडतेच. एकेका आळीतील चार घरांनी आपले बंद फोन एकत्र करावे, जाणाऱ्याने ते योग्य ठिकाणी पोहोचवून पावती आणावी, इतके तर सहज जमण्याजोगे आहे. हाती येणारी रक्कम कदाचित भंगाराच्या भावापेक्षा कमी भरेल. परंतु हा पैसा कोठून आला, असे घरातल्या मुलाने विचारल्यास उत्तर देताना आपल्याला अडखळावे लागणार नाही.