पाचामुखी परमेश्वर, पण ते पाच कोण?

चिंतनासाठी वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्तसभेचे चित्र आपल्या मनात फार सुंदर आहे. सर्व जण एकदिलाने राहत, एकत्र प्रार्थना करीत आणि जे असेल ते वाटून घेत. पण संत लूक आपल्यापासून काही लपवून ठेवत नाही. त्याच मंडळीत एक कुरकुर सुरू झाली होती, असे तो सांगतो. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना डावलले जात होते. आधीच विधवा, त्यात भाषा वेगळी. त्यांचे कोण ऐकणार?

प्रेषितांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी गप्प बसवले नाही. बारा जणांनी दार लावून आपसात निर्णय घेतला नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले, अडचण सर्वांपुढे मांडली आणि योग्य अशी सात माणसे निवडण्यास सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांवर वाटपाची जबाबदारी सोपवली गेली, असे दिसते. लूक पुढे सांगतो की, त्यानंतर परमेश्वराच्या वचनाचा प्रसार झाला आणि शिष्यांची संख्या वाढली. तक्रार ऐकल्याने ख्रिस्तसभा दुबळी झाली नाही, उलट ती वाढली.

आपल्या मराठीत म्हण आहे, पाचामुखी परमेश्वर. पाच जण मिळून जे बोलतात त्यात देवाचा आवाज असतो, असा आपल्या पूर्वजांचा विश्वास. म्हण खरी आहे. पण ते पाच कोण, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. दरवेळी तेच ते पाच असतील, तर तो परमेश्वराचा आवाज म्हणायचा की पाच जणांचा?

आज हा प्रश्न विचारण्याचे कारण आहे. पर्यावरण आणि हवामानबदल या विषयांवर सरकार, शास्त्रज्ञ, उद्योग आणि संस्था यांच्या राष्ट्रीय पातळीवर विचारविनिमय सभा होतात. ज्यांच्या जीवनाशी निर्णयाचा संबंध आहे, त्या सर्वांचे म्हणणे ऐकायचे, हा त्यामागचा हेतू असतो. हेतू चांगलाच आहे. अशी एक मोठी सल्लामसलत आपल्या नागपुरातही झाली होती. बीटी वांग्याच्या लागवडीला केंद्राच्या समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये संमती दिली होती. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र ती लगेच अमलात आणली नाही. जानेवारी आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी देशातील सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. नागपूरची सभा २७ जानेवारीला झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणे कंपन्यांची माणसे, ग्राहक असे सर्व मिळून सात शहरांत सुमारे आठ हजार लोक आले. बाजूने बोलले, विरोधात बोलले, आवाजही चढले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी लागवडीला स्थगिती दिली आणि आपली कारणे लेखी प्रसिद्ध केली.

तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर जाणत्या माणसांत मतभेद आहेत. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, ज्याच्या हाती अधिकार होता तो लोकांसमोर बसला, त्याने ऐकले आणि कारणे सांगितली. पण आणखी एक गोष्टही लक्षात ठेवू या. सभा सात शहरांत झाल्या. वांगी पिकतात खेड्यात.

भिवापूरकडे पाहू या. इथल्या मिरचीने या गावाचे नाव दूरवर नेले. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण जुन्या वाणाची लागवड कमी होत गेली. शेतकरी संकरित वाणांकडे, सोयाबीनकडे आणि कापसाकडे वळले. पाऊस कधी मोठा खंड देतो, कधी दोन दिवसांत महिन्याचे पाणी ओततो. मिरचीवर चुरडा-मुरडा येतो, फवारणीचा खर्च वाढतो. नवतपात सावलीतसुद्धा जीव घाबरा होतो, तिथे मिरचीच्या सातऱ्यांवर बसून देठ तोडणाऱ्या बायांचे काय होत असेल? हवामानबदल हा शब्द त्यांच्यापैकी कित्येकींनी ऐकलाही नसेल. पण त्याचा चटका त्यांच्या हातांना आणि डोळ्यांना रोज बसतो. राष्ट्रीय सभेत त्यांची खुर्ची कुठे आहे?

गोसीखुर्दचे पाणी पाहा. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात येते. या धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील गावेच्या गावे त्यासाठी उठली. शहरात नळ सोडणाऱ्याला खाली काय वाहत जाते ते दिसत नाही. जाळे टाकणाऱ्या ढिवर बांधवाला ते दिसते. त्याला विचारल्याशिवाय त्या पाण्याविषयीचा कोणताही अहवाल पुरा कसा होईल?

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्यांचेही तसेच. वाघ जगला पाहिजे, कारण तोही परमेश्वराने निर्माण केला. पण रात्री रानडुकरांपासून पीक राखायला बांधावर जाणाऱ्या माणसाचा जीवही परमेश्वरानेच दिला आहे. आणि उमरेडच्या कोळसा खाणीत काम करणारा कामगार? कोळसा कमी झाला पाहिजे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या घरातली चूल आपल्याला आठवते का? त्याचे म्हणणे कदाचित आपल्याला पटणार नाही. तरीही ते ऐकावे लागेल. आपल्याला आवडणाऱ्यांचेच ऐकले, तर त्याला सल्लामसलत म्हणता येत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लौदातो सी’ या परिपत्रकात हीच गोष्ट स्पष्ट केली. प्रकल्पाचा आराखडा आधी ठरवून पर्यावरणाचा अभ्यास मागून करायचा, ही रीत त्यांनी चुकीची ठरवली. अभ्यास आधी, उघडपणे आणि दबावाशिवाय व्हावा, आणि त्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे, असे त्यांनी १८३ व्या परिच्छेदात सांगितले आहे. जगभरच्या ख्रिस्तसभेतही त्यांनी २०२१ साली सिनॉडची प्रक्रिया सुरू केली. तिची सुरुवात धर्मग्रामांतील साध्या भाविकांचे ऐकण्यापासून झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथील दुसऱ्या अधिवेशनाने ती सभा पूर्ण झाली. ही काही नवी कल्पना नव्हे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियम लिहिला. महत्त्वाचा प्रश्न असेल तेव्हा मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, कारण उत्तम गोष्ट प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्यालाच सुचवतो, असे त्यांनी त्यात म्हटले आहे.

देशाचा कायदाही आपल्याला काही हक्क देतो. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार खाण, मोठा वीजप्रकल्प यांसारख्या अनेक प्रकल्पांपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. मात्र याच अधिसूचनेत गणपूर्तीची अट नाही. म्हणजे आपण गेलो नाही, तरी सुनावणी झालीच असे धरले जाते! २०२० साली या नियमांचा नवा मसुदा निघाला, तेव्हा सूचनेची मुदत तीसवरून वीस दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव त्यात होता. तो मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता. भारतीय भाषांत त्याची भाषांतरे करावीत, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी द्यावा लागला. यरुशलेमच्या विधवांचा प्रश्न भाषेचाही होता, हे इथे आठवावे.

आपल्या जिल्ह्यात कोराडी येथे ६६० मेगावॅटच्या दोन नव्या वीजसंचांसाठी २९ मे २०२३ रोजी जनसुनावणी झाली. भर उन्हाळ्याचे दिवस. तरीही लोक आले, बाजूने आणि विरोधात बोलले. उन्हातान्हात जाऊन आपले म्हणणे नोंदवणे हेही शेजाऱ्यावरील प्रीतीचे काम आहे, कारण धूर आणि राख कोणाचा धर्म विचारून घरात शिरत नाहीत.

या भागात आपण ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आहोत. म्हणून आपल्या हातून काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण मीठ चिमूटभरच लागते. आपण चार गोष्टी करू शकतो.

पहिली, ग्रामसभेला जाऊ या. आपल्या राज्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. आपल्या घरातील बाया त्या सभेला जातात का आणि तिथे बोलतात का, हे पाहू या.

दुसरी, वही ठेवू या. पाऊस कोणत्या तारखेला आला, किती दिवसांचा खंड पडला, विहिरीला पाणी किती हात राहिले, पीक कशाने गेले, हे लिहून ठेवू या. वहीत तारखेसह लिहिलेले खोडून काढणे कोणालाही कठीण जाते.

तिसरी, एका माणसाला सोबत नेऊ या. ज्याला कोणी बोलावत नाही असा एक जण : सातऱ्यावरची मजूर बाई, भूमिहीन, बाहेरगावाहून कामाला आलेला. त्याच्या वतीने आपण बोलू नये, त्याला बोलायला जागा करून द्यावी.

चौथी, हीच रीत आपल्या घरात आणि धर्मग्रामात पाळू या. विहीर, झाडे, कार्यक्रमातील खर्च, जेवणातले वाया जाणारे अन्न यांविषयी ठरवताना तरुणांना आणि मुलांनाही विचारू या. ती या पृथ्वीवर आपल्यापेक्षा अधिक वर्षे राहणार आहेत.

प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात पुन्हा एक मोठा वाद आहे. परराष्ट्रीयांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांवर जुन्या नियमशास्त्राचे ओझे लादावे का? त्या सभेत पुष्कळ वादविवाद झाला. मग सारी सभा शांत झाली आणि पौल व बर्णबा यांचे अनुभव ऐकत राहिली. त्यानंतर याकोबाने निर्णय सांगितला आणि तो पत्रात लिहून सर्वांना कळवला. आपला निर्णय पवित्र आत्म्याला आणि आपल्याला योग्य वाटला, असे लिहिण्याचे धैर्य त्यांना झाले, कारण त्यांनी आधी ऐकले होते. शांत राहून ऐकलेल्या सभेलाच पवित्र आत्म्याचे नाव घेण्याचा अधिकार पोहोचतो.

परमेश्वराने आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो. राखणदाराचे डोळे जसे उघडे हवेत, तसे कानही. चला, आपण प्रार्थना करू या.

हे प्रभो, ज्यांचा आवाज कोणाच्या कानी जात नाही, त्यांचा आवाज तू ऐकतोस. आमच्या शेतांवर, नद्यांवर आणि रानांवर तुझी कृपा असू दे. आम्हांला खरे बोलण्याचे धैर्य दे आणि न पटणारेही ऐकण्याची नम्रता दे. आमच्या प्रत्येक सभेत जो दाराबाहेर उभा आहे, त्याला आत बोलावण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.