पहिला पगार आणि गावचं घर

जामसंड्यातल्या मुलाला मुंबईत नाहीतर पुण्यात नोकरी लागली, की पेढ्यांचा पुडा संपायच्या आत विचारणा सुरू होते: "झिला, घर बघतंस मा?" विचारणाऱ्याच्या मनात डोंबिवली, दिवा, नालासोपारा असतं. भाड्याने राहतो म्हणजे अजून बस्तान बसलेलं नाही, असं धरलं जातं. लग्नाच्या बोलणीत तर 'स्वतःची जागा आहे का' हे पगाराच्याही आधी विचारतात. या घाईला माझा विरोध आहे.

आपले आजे-पणजे मुंबईत भाडेकरू म्हणूनच जगले. गिरणगावातल्या एकेका खोलीत एका गावची माणसं पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि उरलेले पैसे मनीऑर्डरने गावी धाडत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने खासगी चाळींतली भाडी गोठली आणि तेवढ्याच जागेत पिढ्या वाढल्या. मुंबईत मालकी नसण्याची त्यांना लाज नव्हती, कारण घर गावी होतं. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातून ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळालं, ते भाड्याच्या खोलीतल्या कित्येक दशकांनंतर. आजच्या भाडेकरूच्या नशिबी तसं काही नाही. त्याच्या हातात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, आणि पुढे घरमालकाची मर्जी. त्यामुळे विचारणाऱ्यांची भीती खोटी नाही, हे मान्य करायला हवं.

पण हप्त्याचा हिशेब मांडून बघा. २५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत: महिन्याचा हप्ता सुमारे २१,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले १७,७०० रुपये नुसतं व्याज. पाच वर्षांत १३ लाख भरून होतात आणि मुद्दल घटतं जेमतेम तीन लाखांनी. भाडं 'वाया जातं' म्हणणाऱ्यांनी या व्याजालाही तोच शब्द लावावा. त्यात ही पाच वर्षं नोकरी बदलण्याची, लग्नाची, बायकोची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला असण्याची. मधेच विकायची वेळ आली तर मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली यांचे पैसे परत येत नाहीत. सात-आठ वर्षं एका जागी राहू अशी खात्री होईपर्यंत भाड्याने राहणं हाच शहाणपणा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ज्या घरात आपला हिस्सा आधीच आहे, त्याचं नाव या हिशेबात कोणी घेतच नाही. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पडवी, पुढे खळं. कुलूप निघतं ते गणपतीच्या तोंडावर. दार ढकललं की कोंदट वास अंगावर येतो. माटवी बांधायच्या जागी भिंतीला ओल आलेली असते. वाशावर वाळवीची मातीची नळी चढलेली. बोटाने दाबलं तर वासा आत पोकळ. पूर्वी मिरगाच्या आधी कौलं चाळायचीच. आता ते काम पुढच्या वर्षावर जातं, कारण पैसे कोणी घालायचे हेच ठरत नाही. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, वारस तीन पिढ्यांचे आणि चार शहरांत पांगलेले. एकट्याने खर्च करायला कोणी धजावत नाही, बँकही अशा सामाईक घरावर सहजी कर्ज देत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, "बंद घर पडता." ती अगदी खरं बोलतात.

म्हणून नोकरीची पहिली वर्षं भाड्याने राहा आणि वाचलेल्या पैशांतला, रजेतलाही, काही भाग या घराला द्या. आधी वारसनोंद. मग शेत नि कलमांच्या जमिनीची वाटणी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे, आणि घराचं वाटणीपत्र दुय्यम निबंधकाकडे. यात बहिणींना वगळू नका. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्र पुढे करायचं, ही रीत आपल्याच घरांत चालते आणि ती मला लाजिरवाणी वाटते.

ज्यांना गावात हिस्साच नाही, त्यांची शहरातली घाई मी समजू शकतो; त्यांनी महारेराची नोंदणी तपासून, झेपेल तेवढंच घ्यावं. बाकीच्यांना माझी विनंती एवढीच: या दिवाळीत गावी आलात तर घरपट्टीची पावती कोणाच्या नावाने फाटते ते बघा, सातबारा आणि आठ-अ काढून घ्या, आणि काका-आत्या हयात आहेत तोवर सगळ्यांना एकत्र बसवून वाटणीचं बोलणं सुरू करा.